रेंज नव्हती

खोटं बोलायचं पहिलं रीतसर शिक्षण मला घरातल्या फोनवर मिळालं. काळा, गोल चकतीचा, क्रोशाच्या रुमालाखाली बसवलेला तो फोन वाजला की वडील पेपराआडून नुसती मान हलवायचे. त्या मान हलवण्याचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता. मग मी रिसीव्हर उचलून जमेल तितक्या निरागस आवाजात ‘बाबा बाहेर गेलेत’ असं सांगायचो. ‘कधी येतील?’ या पुढच्या प्रश्नाची तयारी मात्र कुणी करून घेतलेली नसायची. मी रिसीव्हरवर तळवा ठेवून मोठ्यानं विचारायचो, ‘बाबा, तुम्ही कधी येणार?’ पलीकडच्या विमावाल्या काकांना ते ऐकू जात असणारच. पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही. ‘बरं, आले की सांग हं बाळा,’ एवढंच म्हणून ते फोन ठेवायचे. पुढच्या महिन्यात घरी आले की वडील त्यांना चहा पाजायचे आणि दोघंही क्रिकेटवर बोलायचे.

या टोकाला एक थाप आणि त्या टोकाला ती पचवायचा मोठेपणा, यावर कितीतरी वर्षं आपलं बरं चाललं होतं. हल्ली ते चालत नाही. माणसं जास्त खरी झाली म्हणून नव्हे. थाप टिकायला जो थोडा अंधार लागतो तो फोननं काढून घेतला म्हणून.

ही सोय टेलिफोननं आणली असंही नाही. पोस्टाची पुण्याई त्याहून जुनी. पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं की ‘आपले पत्र मिळाले नाही’ असं बिनदिक्कत लिहिता यायचं. टपाल खात्यानं किती घराण्यांचे किती रुसवे स्वतःच्या अंगावर घेतले, त्याचा हिशेब कुठल्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. चुलत घराला लग्नाची पत्रिका पाठवलीच नसेल, तर पुढच्या कार्यात भेट झाल्यावर ‘अहो, टाकली होती की! पोस्टात गहाळ झाली असणार’ असं म्हणायचं. समोरचेही ‘हल्ली पोस्टाचं काही खरं नाही’ असा दुजोरा द्यायचे. पत्रिका टाकलेली नाही हे दोघांनाही ठाऊक, आणि दोघंही पोस्टाला नावं ठेवत पंगतीला बसायचे.

ज्याला ही पळवाट बुजवायची असे तो रजिस्टर ए. डी. करायचा. ए. डी. म्हणजे पोचपावती. पत्र सही करून घ्यायचं आणि ती सही पाठवणाऱ्याकडे परत जायची. म्हणून तर पोस्टमननं ‘रजिस्टर आहे, सही लागेल’ असं म्हटलं की घरात आधी धस्स व्हायचं. जागेचा वाद, बँकेची नोटीस, वकिलाचं पत्र. भाऊ भावाला रजिस्टर पत्र पाठवायचा तेव्हा त्यांच्यातलं बोलणं संपलेलं असायचं. कायद्यालाही माणसाच्या या सवयी चांगल्या ठाऊक आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये तशी तरतूदच आहे: पत्ता नीट लिहून, पुरेशी तिकिटं लावून रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होत नाही तोवर, पोचलं असंच धरायचं. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पोस्टमननं ते परत नेलं तरी न्यायालयं ते पोचल्यातच जमा करतात.

म्हणजे आज आपण जिला निळी टिक म्हणतो ती पूर्वीही होती. फक्त तिला जादा तिकिटं लागायची आणि ती भांडणासाठी राखून ठेवलेली होती. आता ती फुकट मिळते आणि ‘जेवलास का?’लाही लागते.

मोबाइल आला तेव्हा हे असं होईल असं वाटलं नव्हतं. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यानंतर बरीच वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे फोन न उचलणं ही काटकसर होती, अपमान नव्हता. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि ती सबब गेली. मिस्ड कॉलचं एक अख्खं शास्त्र त्या काळात उभं राहिलं आणि मोडलंही. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. त्यावर खूप लिहून झालंय.

त्या सगळ्यातून एक वाक्य मात्र तगलं: ‘रेंज नव्हती.’

इतकं गुणी वाक्य मराठीत दुसरं नसेल. ते कुणावर आळ घेत नाही. ‘विसरलो’ म्हटलं की समोरचा दुखावतो, ‘कामात होतो’ म्हटलं की त्याला वाटतं आपलं महत्त्व कमी झालं, ‘झोपलो होतो’ म्हटलं की लोक वेळ विचारतात. रेंज मात्र पावसासारखी. येते, जाते, माणसाचा इलाज चालत नाही. त्यात आपला प्रदेश डोंगराळ, आणि सह्याद्री पहिल्यापासूनच लपणाऱ्यांच्या बाजूनं. कर्जत सोडून गाडी घाटाला लागली की बोलणं तुटायचं ते खंडाळ्यापर्यंत. कोकण रेल्वेवर तर ९१ बोगदे, आणि त्यातला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात शिरताना सुरू केलेलं वाक्य बाहेर पडेपर्यंत समोरचा विसरलेला असतो. ठाण्याच्या पुढे १९१६ साली पुरा झालेला पारसिक बोगदा आहे. फास्ट लोकल त्यातून जायच्या तेव्हाची गोष्ट. मी स्लो लोकलमध्ये होतो. ही गाडी कळवा-मुंब्र्यावरून जाते, बोगद्यात शिरतच नाही. खिडकीतून खाडी लख्ख दिसत होती, आणि माझ्या शेजारचे गृहस्थ फोनवर म्हणत होते, ‘पारसिक आला हं, आता कट होईल,’ आणि त्यांनी अंगठ्यानं कट केला. मग माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली तेव्हा आत फोनला नेटवर्क मिळत नाही म्हणून प्रवाशांनी ओरड केली. त्यांच्यात ते पारसिकवाले होते की काय कोण जाणे.

रेंजचंच धाकटं भावंड म्हणजे ‘निघालोय’. ‘निघालोय’ म्हणजे आंघोळीला निघालोय. ‘रस्त्यात आहे’ म्हणजे चप्पल शोधतोय. ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणजे रिक्षावाल्याशी अजून बोलणी चालू आहेत. ऐकणाऱ्यालाही हा तर्जुमा तोंडपाठ असायचा आणि त्या हिशेबानं तो स्वतःही उशिरा निघायचा. सगळे सारखेच उशिरा पोचत, म्हणजे वेळेवरच. २०१७ च्या शेवटी व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन आलं, पंधरा मिनिटांसाठी, तासासाठी किंवा आठ तासांसाठी, आणि नकाशावरचा ठिपका घरातून हललेलाच नाही हे सगळ्यांना दिसायला लागलं. माझा एक मित्र आता लोकेशन मागितलं की ‘जीपीएस गंडलंय’ म्हणतो. नवी थाप आहे. अजून मुरलेली नाही.

पण खरा घाव निळ्या टिकेनं घातला. आधी दोन राखाडी टिका दिसल्या की लोकांना वाटायचं, वाचलं. त्यांचा अर्थ खरं तर फक्त पोचलं एवढाच होता, आणि या गैरसमजापायी किती अबोले धरले गेले असतील! २०१४ च्या नोव्हेंबरात टिका निळ्या झाल्या आणि संशयाचा फायदा द्यायची सोयच उरली नाही. एवढा गिल्ला झाला की टिका बंद करायची मुभा कंपनीला लगोलग द्यावी लागली. मुभा देताना अट मोठी बेरकी घातली: तुमची टिक लपवलीत तर दुसऱ्याची टिक तुम्हालाही दिसणार नाही. या अटीपाशी भले भले अडखळतात. आपण दिसू नये असं प्रत्येकालाच वाटतं, पण दुसरा दिसायचा बंद होईल हे सोसवत नाही. ग्रुपमध्ये तर लपवायची सोयच नाही. मग माणसं फोनच्या वरच्या पट्टीत डोकावून अर्धा मेसेज वाचतात, विमानात न बसता विमान मोड लावतात. एक साधं ‘बघतो’ म्हणायचं टाळण्यासाठी इतकी मेहनत आपल्या आजोबांनी कधी केली नसेल.

निळ्या टिकेला कोर्टाची पायरीही चढावी लागली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक वसुलीचं प्रकरण होतं. नोटीस टाळत राहिलेल्या माणसाला ती पीडीएफ करून व्हॉट्सअॅपवर धाडली होती. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मेसेजवरच्या खुणा पाहिल्या आणि नोटीस नुसती पोचलीच नाही तर उघडूनही पाहिली गेली, असं नोंदवून ती बजावली गेल्याचं मान्य केलं. पोलिसांनी हजर राहायची नोटीस मात्र व्हॉट्सअॅपवर पाठवून भागवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. माणसाच्या अटकेपर्यंत गोष्ट जाऊ शकते तिथे कागद रीतीनंच हातात पडावा, हे मला पटतं.

आमच्या मावशीचं न्यायालय याहून कडक आहे. ती फॅमिली ग्रुपची अॅडमिन. स्वतःच्या मेसेजवर बोट दाबून धरलं की वर जे पर्याय उघडतात त्यांतल्या ‘इन्फो’वर गेल्यावर कुणी वाचलं आणि कुणाला नुसतं पोचलं अशा दोन याद्या दिसतात, हा शोध तिला नातवानं लावून दिला, आणि तो त्याला आम्ही अजून माफ केलेला नाही. दुपारी जेवणं उरकली की चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकापाशी धरून ती यादी वाचते. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं कोणी वाचलं, वाचून कोणी ‘काळजी घे’ लिहिलं, कोणी नुसता अंगठा दाखवला आणि कोणी तेवढंही केलं नाही. त्या शेवटच्या वर्गातली नावं ती दिवाळीपर्यंत ध्यानात ठेवते. याच मावशीला पंचवीस वर्षांपूर्वी कुणाचं उत्तर आलं नाही तर ती म्हणायची, ‘संसाराच्या रगाड्यात राहिलं असेल हो.’ तिचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. पूर्वी दुसऱ्याच्या वतीनं चांगलं कारण शोधायचं काम तिलाच करावं लागे, आता त्याची गरज उरली नाही, इतकंच.

पण हे सगळं एका बाजूचं झालं. समोरच्या दारच्या काकू पाहिल्या की माझं मत डळमळतं. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. काकू त्याला फारसे मेसेज करत नाहीत, त्याच्या कामात व्यत्यय नको म्हणून. त्या फक्त त्याचं ‘लास्ट सीन’ बघतात. दुपारी चहाचं दूध तापत ठेवलं की ओट्यापाशी उभ्या राहून, अंगठा पेरांवरून फिरवत तास मोजतात. ‘रात्री सव्वातीनला दिसला होता. झोपत नाही बघ हा.’ पूर्वी पंधरा दिवसांनी पत्र यायचं त्यात जी खुशाली असायची ती त्यांना आता एका ओळीत मिळते, आणि तीही न मागता. या बाईला मी खाजगीपणाचे धडे कुठल्या तोंडानं देणार?

एकदा ती ओळ नाहीशी झाली. काकू फोन घेऊन आमच्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. मी त्याला विचारलं तेव्हा कळलं, रात्री ऑनलाइन दिसला की ऑफिसातले सकाळी टोचतात, म्हणून त्यानं ते सगळ्यांसाठीच बंद केलं होतं. मग त्यानं एक किचकट उद्योग केला. अमुक सोडून बाकीच्यांना दिसावं असा एक पर्याय असतो. त्यात संपर्कयादीतल्या एकेका नावापुढे खूण करत तो खाली गेला आणि फक्त आईचं नाव सोडलं. नियमाप्रमाणे आता त्यालाही बाकी कुणी दिसत नाही, याचं त्याला दुःख असेल असं वाटत नाही. हल्ली काकू समाधानी असतात. ‘अकराला झोपतो आता,’ म्हणतात. परवा तो मला म्हणाला, ‘रात्री जागायचं असलं की मी व्हॉट्सअॅप उघडतच नाही. आई बघते.’ काकूंना मी हे सांगितलेलं नाही. त्यांना कळत नसेल असंही मला वाटत नाही.

समोर असं माणूस असलं तर थापेला घर मिळतं. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. थाप ही मुळात दुबळ्याची चीज. साहेबाला तिची गरज नाही. तो सरळ ‘आत्ता नाही’ म्हणतो, नाहीतर दारातला माणूस ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणतो. कारकुनाला असा माणूस कधीच मिळाला नाही, पण त्याला अंतराचं संरक्षण होतं. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर त्याला गाठायचं तर शिपायाला सायकलवरून घरी धाडावं लागे, आणि शिपायाला धाडायचं तर काम तेवढं नडीचं असावं लागे. आता शिपाई नको, सायकल नको. म्हणून रात्री दहाला ‘उद्याचं जरा आत्ताच बघून ठेवता का’ येतं, आणि खाली दोन निळ्या रेघा उमटतात. काम वाढलं म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. माणूस गाठायला काही मोल पडत नाही, म्हणून होतं.

आणि खालच्या पायरीवर तर ‘रेंज नव्हती’ ही थापही नसते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून, जागेच्या नोंदीसह लावायची सक्ती झाली. डोंगरातल्या गावांमध्ये फोटो चढत नाही, मग राबूनही हजेरी लागत नाही, मजुरी अडकते, अशा तक्रारी देशभरातून आल्या. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं रेंजसाठी डोंगरावरच्या खोपटात, भर पावसात बसून वर्ग केले. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक छापलं. जे वाक्य पारसिकवाले हसत हसत उच्चारतात, तेच या माणसांच्या तोंडून तक्रार म्हणून येतं, आणि तेव्हा ते कुणाला पटत नाही. आम्हीच ते इतकं वापरून गुळगुळीत केलंय.

कायद्यानं काही होईल का? फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. पण संसदेत शेवटचं खासगी विधेयक मंजूर झालं ते १९७० मध्ये. तेव्हा त्या वाटेला डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावानं जे केलं ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. तो वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी पुस्तक उघडायचं. करोनात शाळेच्या निमित्तानं पोरांच्या हाती दिलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात, ही मूळ तक्रार. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसं, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना समजावत होते. बातम्यांमध्ये सगळ्यांना त्यात मुलांचा अभ्यास दिसला. मला आणखी एक सोय दिसली. सव्वासातला फोन उचलला नाही म्हणून तिथे रुसायला जागा नाही. ‘भोंगा झाला होता’ म्हटलं की झालं. गुन्हेगार कुणी नाही, साक्षीला गाव आहे. आणि भोंग्याच्या आडून कुणी एखाद्या व्याह्याला खरोखरच टाळत असेल, तर तेही खपून जात असेल.

ही बातमी मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘आपल्याकडे करून बघायचं का?’ संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही. मावशीची युक्ती करून पाहिली, तर जवळजवळ सगळ्या विंगांनी वाचलेलं. रात्री पावणेबाराला चेअरमनसाहेबांचा मेसेज आला: कल्पना उत्तम, पण भोंगा बसवायचा तर खर्च मेंटेनन्समधून करायचा की सिंकिंग फंडातून? मिनिटभरात खजिनदारांच्या नावापुढे ‘टायपिंग’ दिसायला लागलं.